समुद्रात नव्या तेलविहिरी नकोत, हे आपल्या लोकप्रतिनिधींना सांगायचं कसं: कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींसाठी

२०२१ च्या ऑक्टोबरमधल्या पहिल्या शनिवारी हंटिंग्टन बीचसमोरच्या समुद्रात तेलाची पाइपलाइन फुटल्याचं उघड झालं. समुद्रतळावरची ती पाइपलाइन काही महिन्यांपूर्वी जहाजांच्या नांगरांनी ओढून जागेवरून हलवली होती. सुमारे २५,००० गॅलन कच्चं तेल बाहेर पडलं, टॅलबर्ट मार्शच्या पाणथळीत शिरलं, आणि जवळजवळ दोन महिने तिथली मासेमारी बंद राहिली. मी तिथून अर्ध्या तासावर अर्व्हाइनला राहते. किनारा उघडल्यावर गेले, तेव्हा पांढरे कपडे घातलेली माणसं वाळूतून डांबराचे गोळे वेचत होती.

मी मूळची उरणची. मुंबई हायचं तेल जिथे किनाऱ्याला लागतं तिथल्या प्रकल्पात माझे वडील नोकरीला होते. आमचं घर, माझं शिक्षण, सगळं त्या पगारावर झालं. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली आणि तेल उरण-अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत आलं. तिवरांची मुळं काळी पडलेली मी तेव्हा पाहिली आहेत. बाजारात मासळीला गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून तेलावर पोट असलेल्या माणसाबद्दल माझ्या मनात अढी नाही, आणि तेल किनाऱ्याला लागलं की काय होतं तेही मला कोणी समजावून सांगायला नको.

हंटिंग्टनहून परतल्यावर हे कोणाला तरी सांगायलाच हवं असं वाटलं. कोणाला सांगायचं ते माहीत नव्हतं. पहिलं वर्ष चुकीच्या लोकांना, चुकीच्या वेळी, मोघम पत्रं लिहिण्यात गेलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आत्ताच हे का, तेही सांगते. कॅलिफोर्नियासमोरच्या केंद्राच्या हद्दीत तेलासाठी नवे पट्टे (लीज, म्हणजे तेल काढायला भाड्याने दिलेले समुद्राचे भाग) १९८४ नंतर दिले गेलेले नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या गृहखात्याने, म्हणजे इथलं जमीन, पाणी आणि खनिजं सांभाळणाऱ्या इंटिरियर खात्याने, पाच वर्षांच्या नव्या कार्यक्रमाचा मसुदा काढला. त्यात देशभर ३४ लिलाव सुचवले आहेत आणि त्यातले सहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर आहेत. त्याआधी जुलै २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मेक्सिकोच्या आखातात ३० आणि अलास्काच्या कुक इनलेटमध्ये सहा लिलाव सक्तीचे केले. घराच्या छपरावरच्या सोलरला मिळणारी ३० टक्के करसवलतही त्याच कायद्याने २०२५ च्या अखेरीस संपवली. एकाच कायद्यात दोन्ही गोष्टी झाल्या, म्हणून इथे तेल आणि सोलर दोन्हींबद्दल लिहिते आहे.

१. आधी स्वतःचा हक्क नीट समजून घ्या

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "आम्ही अजून एच-वन बीवर आहोत, आम्हाला बोलता येतं का?"

येतं. लोकप्रतिनिधी त्या मतदारसंघात राहणाऱ्या सगळ्यांचा असतो. मतदारसंघ आखताना जनगणनेत तुमचंही डोकं मोजलेलं असतं. पत्र लिहिणं, फोन करणं, कार्यालयात भेटायला जाणं, सरकारी मसुद्यावर हरकत नोंदवणं, यातल्या कशालाही नागरिकत्व लागत नाही.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. पहिली, मतदार नोंदणी. डीएमव्हीत लायसन्सचा अर्ज भरताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. घाईत "हो" वर बोट पडलं तर नागरिक नसलेल्या माणसाला ते पुढे फार महागात पडू शकतं, देश सोडायची वेळ येऊ शकते. तो पडदा दोनदा वाचा. दुसरी, निवडणुकीची देणगी. व्हिसावर असणाऱ्यांनी कुठल्याही उमेदवाराला पैसे देणं कायद्याने बंद आहे, दहा डॉलरसुद्धा. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते, मत देता येत नाही.

ज्यांचा इमिग्रेशनचा अर्ज सध्या चालू आहे आणि मनात धाकधूक आहे, त्यांनी आपल्या वकिलाला एकदा विचारून घ्यावं. त्यात कमीपणा नाही. घरातली दुसरी नागरिक व्यक्ती पत्र लिहू शकते, तुम्ही तिला मजकूर तयार करून द्या.

२. कोणाच्या हातात काय आहे ते ओळखा

माझं पहिलं वर्ष फुकट गेलं ते इथेच. समुद्रातल्या केंद्राच्या पट्ट्यांविरुद्ध मी राज्याच्या असेंब्ली सदस्याला पत्र लिहीत होते.

किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचं, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटरपर्यंतचं, पाणी राज्याचं. त्यापलीकडचं केंद्राचं. हंटिंग्टनच्या वाळूत उभं राहून जे प्लॅटफॉर्म दिसतात त्यातले काही राज्याच्या हद्दीत आहेत, काही केंद्राच्या. डोळ्यांना फरक कळत नाही, कागदावर मात्र तो फार मोठा आहे.

केंद्राच्या हद्दीतले लिलाव, आखात, अलास्का, सोलर आणि पवनऊर्जेच्या केंद्रीय सवलती: हे सगळं वॉशिंग्टनचं. तिथे तुमचा एक काँग्रेस सदस्य आणि दोन सिनेटर.

राज्याच्या हद्दीतलं पाणी, जमिनीवरच्या विहिरींचे परवाने, घरांपासून विहिरीचं अंतर, राज्याचं विजेचं धोरण: हे सॅक्रामेंटोचं. तिथे तुमचा एक स्टेट सिनेटर आणि एक असेंब्ली सदस्य.

राज्याच्या हातात आणखी एक किल्ली आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. खोल समुद्रातलं तेल पाइपलाइनने किनाऱ्यावर आणायचं तर ते राज्याच्या तीन मैलांतून आणावं लागतं. २०१८ मध्ये राज्याने दोन जुळे कायदे केले, एसबी ८३४ आणि एबी १७७५ (एसबी म्हणजे राज्याच्या सिनेटचं विधेयक, एबी म्हणजे असेंब्लीचं). केंद्राच्या हद्दीत नवं तेल काढण्यासाठी लागणाऱ्या पाइपलाइन आणि धक्क्यांना राज्याच्या पाण्यात नवी जागा द्यायची नाही, असं त्यात आहे. असेंब्ली सदस्याशी बोलताना हा कायदा राखण्याची मागणी करता येते.

छपरावरच्या सोलरचं बिल कसं आकारायचं हे लोकप्रतिनिधी ठरवत नाहीत. राज्यपालांनी नेमलेलं पाच जणांचं पब्लिक युटिलिटीज कमिशन ठरवतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या दरपद्धतीवर तुमचा राग असेल, तर तो विषय वेगळ्या पत्रात घ्या.

३. आपले पाच जण शोधा

वर मोजले तेवढेच, पाच. प्रतिनिधीगृहाच्या आणि राज्य विधिमंडळाच्या अधिकृत संकेतस्थळांवर पत्ता घातला की नावं मिळतात. नुसता पाच आकडी झिप कोड पुरत नाही, कारण एका झिप कोडमधून कधीकधी दोन मतदारसंघ जातात. पूर्ण पत्ता घाला.

सध्या एक जास्तीचा गोंधळ आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रॉपोझिशन ५० मंजूर झालं आणि काँग्रेसच्या मतदारसंघांचे नवे नकाशे आले. ते २०२६ च्या निवडणुकीपासून लागू आहेत. पण आत्ता निवडून गेलेला सदस्य जानेवारी २०२७ पर्यंत जुन्याच मतदारसंघाचा. म्हणजे मत एका नकाशाप्रमाणे द्यायचं आणि पत्र दुसऱ्या नकाशाप्रमाणे पाठवायचं, असं वर्षभर चालणार. नाव शोधताना "सध्याचा सदस्य" हेच पाहा.

आणि एक आपुलकीतून होणारी चूक. मिशिगनमधून श्री ठाणेदार काँग्रेसमध्ये आहेत, बेळगावकडचे, मराठी बोलणारे. आपल्याला वाटतं, आपल्या माणसाला लिहू या, तो ऐकेल. पण दुसऱ्याच्या मतदारसंघातून आलेलं पत्र कार्यालयं बहुधा मोजत नाहीत. कित्येकांच्या संकेतस्थळावरचा अर्ज बाहेरचा पत्ता स्वीकारतच नाही. तुमचा सदस्य तुम्हाला आवडत नसला, विरुद्ध पक्षाचा असला, तरी तुमचं पत्र फक्त त्याच्याच दारात चालतं.

४. मागणी एक, आणि नेमकी

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. पुढचं सगळं यावर उभं राहतं.

"हवामान बदलाबद्दल काहीतरी करा" ही मागणी नाही. फोन उचलणारा सहायक त्याचं काय लिहून घेणार? त्याच्या समोर रकाने असतात: विधेयकाचा क्रमांक, बाजूने की विरोधात, झिप कोड. तुमचं वाक्य त्या रकान्यांत बसलं पाहिजे.

आता करण्यासारख्या काही मागण्या देते. यातली एका वेळी एकच उचला.

केंद्रात: कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टन या तिन्ही राज्यांच्या किनाऱ्यासमोर नवे तेलपट्टे कायमचे बंद करणारं "वेस्ट कोस्ट ओशन प्रोटेक्शन ॲक्ट" हे विधेयक आहे. तुमचा सदस्य त्याचा सहप्रस्तावक आहे का ते काँग्रेसच्या संकेतस्थळावर दिसतं. नसेल तर "सहप्रस्तावक व्हा" ही मागणी. आधीच असेल तर "समितीत सुनावणीसाठी जोर लावा" ही. क्रमांक त्या दिवशी तिथेच पाहून घ्या, कोणाच्या जुन्या फॉरवर्डमधून घेऊ नका. दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस बसते, जुनी विधेयकं संपतात आणि नव्याने मांडली की क्रमांक बदलतो. सध्याची ११९ वी काँग्रेस जानेवारी २०२७ मध्ये संपते.

केंद्रातच दुसरी: घरगुती सोलरची सवलत परत आणा. इथे स्वतःचा हिशेब मांडा. छपरावर पॅनेल लावायचा तुमचा विचार होता आणि सवलत गेल्यामुळे तो थांबला असेल, तर दोन्ही कोटेशनचे आकडे द्या. तुमच्या घरातला खरा आकडा कार्यालयाला दुसरीकडून मिळत नाही.

तिसरी, समुद्रातल्या पवनऊर्जेची. डिसेंबर २०२२ मध्ये मोरो बे आणि हम्बोल्टसमोर पवनऊर्जेचे पाच पट्टे लिलावात गेले, ७५.७ कोटी डॉलरना. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने समुद्रातले पवनऊर्जेचे नवे पट्टे थांबवले गेले. त्याच समुद्रात तेलाला दार उघडायचं आणि वाऱ्याला बंद करायचं, हे का, असा थेट प्रश्न विचारा.

राज्यात: सप्टेंबर २०२५ मध्ये सही झालेल्या एसबी २३७ ने केर्न काउंटीत दरवर्षी २,००० पर्यंत नव्या विहिरींची वाट मोकळी केली. रिफायनऱ्या बंद पडून पेट्रोल महागेल ही भीती त्यामागे होती. हा निर्णय मला पटलेला नाही. पण त्या बाजूने मत देणाऱ्यांत स्वच्छ ऊर्जेचे जुने समर्थकही होते, हे लक्षात ठेवा आणि बोलताना आवाज चढवू नका. तिथली मागणी अशी असू शकते: घरं, शाळा, दवाखान्यांपासून ३,२०० फुटांच्या आत नवी विहीर नको, हा २०२२ चा एसबी ११३७ कायदा कुठल्याही सवलतीने पातळ करू नका.

पेट्रोलच्या भावाचा मुद्दा तुमच्यासमोर हमखास येणार. तयारी ठेवा. अमेरिका आज जगात सगळ्यात जास्त कच्चं तेल काढते, २०२४ मध्ये रोज सरासरी सुमारे १.३२ कोटी पिंपं. तरीही पंपावरचा भाव खाली राहतोच असं नाही, कारण कच्च्या तेलाची किंमत जागतिक बाजारात ठरते. आज दिलेल्या समुद्रातल्या पट्ट्यातून तेल यायला कित्येक वर्षं लागतात. यंदाच्या भावाला त्याचा काही उपयोग नाही. उलट कॅलिफोर्नियाच्या ग्रिडवर बॅटऱ्यांची क्षमता २०२४ मध्येच १०,००० मेगावॅटच्या वर गेली. दुपारचं ऊन संध्याकाळी सात वाजता वापरता येतं, हे आता इथे रोज घडतं आहे.

आणि कामगारांचा मुद्दा टाळू नका. राज्यातलं बहुतेक तेल केर्नमधून येतं, आणि त्याच केर्नमध्ये तेहाचापीच्या पवनचक्क्या आणि सोलरची मोठमोठी शेतं आहेत. जुन्या, वाली नसलेल्या विहिरी बुजवायला २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात ४७० कोटी डॉलर ठेवले गेले. हे काम ड्रिलिंगवाल्या माणसालाच येतं. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला "तुझा धंदा वाईट" म्हणण्यापेक्षा "तुझ्या हाताला हे काम आहे, त्याचे पैसे द्या" असं सरकारला सांगणं मला जास्त खरं वाटतं.

५. जवळ काय ठेवायचं

ओळखपत्र, व्हिसाचे कागद, नागरिकत्वाचा पुरावा यातलं काहीही लागत नाही. लागतं ते एवढंच:

- घरचा पूर्ण पत्ता, झिप कोडच्या पुढच्या चार आकड्यांसह
- पाच जणांची नावं, वॉशिंग्टन किंवा सॅक्रामेंटोचा आणि स्थानिक कार्यालयाचा फोन
- विधेयकाचा क्रमांक आणि त्याची आजची स्थिती
- तुमचा एक अनुभव, चार ओळींत
- एक वही. तारीख, कोणाशी बोलणं झालं, ते काय म्हणाले

वहीचं महत्त्व तिसऱ्या-चौथ्या फोनला कळतं. "१२ तारखेला तुमच्या कार्यालयाने दोन आठवड्यांत कळवतो म्हटलं होतं" असं म्हटलं की समोरचा माणूस सावरून बसतो.

६. फोन

कॅपिटॉलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. सदस्याचं नाव सांगितलं की जोडून देतात. वॉशिंग्टनची कार्यालयं आपल्यापेक्षा तीन तास पुढे असतात. दुपारी दोननंतर लावलात तर बहुधा व्हॉइसमेल लागेल. मी सकाळी साडेसहाला करते, चहा उकळत असतो तेव्हा.

फोन तरुण सहायक किंवा इंटर्न उचलतो. तो वाद घालायला बसलेला नसतो, त्याला फक्त नोंद घ्यायची असते. एक मिनिट पुरतं. असं काहीसं बोला:

"नमस्कार, मी अर्व्हाइनमध्ये राहते, माझा झिप कोड अमुक. मी तुमची कॉन्स्टिट्युअंट आहे. कॅलिफोर्नियासमोर तेलाचे नवे पट्टे देण्याला माझा विरोध आहे. सदस्यांनी अमुक क्रमांकाच्या विधेयकाचे सहप्रस्तावक व्हावं अशी माझी विनंती आहे. २०२१ ची गळती मी जवळून पाहिली आहे. यावर सदस्यांची भूमिका काय आहे, मला लेखी उत्तर मिळेल का?"

"कॉन्स्टिट्युअंट" (त्या सदस्याच्या मतदारसंघात राहणारी व्यक्ती) हा शब्द पहिल्या दोन वाक्यांत आलाच पाहिजे. शेवटचा प्रश्नही सोडू नका. लेखी उत्तर मागितलं की नुसत्या आकड्यापलीकडे कोणाला तरी तुमच्या पत्त्यावर काहीतरी पाठवावं लागतं. उच्चाराची काळजी करू नका. मी आजही कागदावर लिहून वाचते.

७. पत्र

कागदी पत्र वॉशिंग्टनला टपालाने पाठवू नका. २००१ मध्ये पाकिटांतून ॲन्थ्रॅक्सचे जंतू आले, तेव्हापासून काँग्रेसचं टपाल किरणोत्सर्गातून निर्जंतुक होऊन जातं, त्यात वेळ जातो. सदस्याच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरा, किंवा छापील पत्र स्थानिक कार्यालयात नेऊन द्या.

एका पानापेक्षा मोठं नको. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण आणि मागणी काय. दुसऱ्यात तुमची गोष्ट. तिसऱ्यात एक-दोन आकडे. शेवटी मागणी पुन्हा.

संस्थांच्या संकेतस्थळावर बटण दाबलं की तयार पत्र जातं. ते पाठवायला हरकत नाही, पण हजार सारखी पत्रं कार्यालयात एका गठ्ठ्यात जातात आणि एकाच साच्यातलं उत्तर मिळतं. तुमच्या हातची चार वाक्यं वेगळी काढून वाचली जातात. उरणचं, वर्सोव्याचं, मालवणचं, जे तुम्ही पाहिलंय ते लिहा. सहायकाने ते दुसऱ्या कोणाच्या पत्रात वाचलेलं नसतं.

महाराष्ट्र मंडळाचं लेटरहेड वापरावं का, असं कोणीतरी विचारतंच. कार्यकारिणीचा ठराव असल्याशिवाय नको. बरीच मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात. अशा संस्थेला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, आणि विधेयकांबद्दल बोलण्यालाही मर्यादा आहे. चार कुटुंबांनी आपापल्या सहीने चार पत्रं दिली तर हा प्रश्नच येत नाही.

८. हरकती व सूचना

महापालिकेचा विकास आराखडा आला की आपल्याकडे "हरकती व सूचना" मागवतात, तसंच इथे. समुद्रातल्या तेलपट्ट्यांचा पाच वर्षांचा कार्यक्रम १९५३ च्या कायद्याखाली ठरतो आणि त्यात लोकांचं म्हणणं मागवावंच लागतं. नोव्हेंबरच्या पहिल्या मसुद्यावर ६० दिवस होते, ती मुदत जानेवारी २०२६ मध्ये संपली. त्यानंतरच्या मसुद्यावर ९० दिवस मिळतात. तो आला की केंद्र सरकारच्या नियमावलीच्या संकेतस्थळावर, रेग्युलेशन्स डॉट गव्हवर, त्या मसुद्याचा डॉकेट (प्रकरण) क्रमांक टाकून हरकत नोंदवायची.

इथे मतमोजणी नसते. "माझा विरोध आहे" अशा लाख ओळींपेक्षा ज्याला उत्तर द्यावं लागेल असा एक मुद्दा जड. कुठला किनारा, तिथे काय आहे, मासेमारी, पर्यटन, पक्षी, आधीची गळती. १९६९ ची सांता बार्बाराची गळती, २०१५ ची रेफ्युजिओची, २०२१ ची हंटिंग्टनची. तिन्ही एकाच किनारपट्टीवरच्या.

हरकत सगळ्यांना वाचता येते, म्हणून त्यात फोन नंबर, घरचा पत्ता, मुलांची नावं घालू नका. पाठवल्यावर येणारा पोचक्रमांक वहीत उतरवा.

यातून काही होतं का, असं विचाराल. २०१८ मध्ये देशाच्या जवळजवळ सगळ्या किनाऱ्यांवर ४७ लिलावांचा मसुदा आला होता. किनाऱ्यावरच्या राज्यांतून, दोन्ही पक्षांकडून विरोध झाला, प्रकरण कोर्टकचेरीतही अडकलं, आणि तो कार्यक्रम शेवटपर्यंत गेलाच नाही.

९. स्थानिक कार्यालयात प्रत्यक्ष भेट

सदस्य वॉशिंग्टनला असले तरी त्यांचं एक कार्यालय तुमच्या भागात असतं. संकेतस्थळावरून वेळ मागा आणि विषय लिहा. बहुधा सदस्य भेटत नाहीत, त्यांचे प्रतिनिधी भेटतात. नाराज होऊ नका. विषय सदस्यांपर्यंत नेणारा माणूस तोच असतो. ऑगस्टमध्ये काँग्रेसला सुटी असते, तेव्हा सदस्य स्वतः भेटण्याची शक्यता जास्त.

तीन-चार जण जा, सगळे त्याच मतदारसंघातले. आमच्या पहिल्या भेटीला आम्ही नऊ जण गेलो, प्रत्येकाला बोलायचं होतं, आणि वीस मिनिटं ओळखींतच संपली. मागणी करायची राहून गेली. दुसऱ्या वेळी कामं वाटून घेतली: एकाने ओळख करून द्यायची, एकीने गोष्ट सांगायची, एकाने आकडे, आणि एकाने फक्त लिहून घ्यायचं. मागणी पाचव्या मिनिटाच्या आत मांडली.

आपल्या लोकांसाठी तीन सूचना. दिवाळी असली तरी मिठाईचा डबा नेऊ नका, भेटवस्तूंचे नियम इथे कडक आहेत आणि समोरचा माणूस अवघडतो. निवडणूक, देणगी, "आमची इतकी मतं आहेत" हे विषय सरकारी कार्यालयात काढायचे नसतात. आणि त्याच भेटीत रखडलेल्या ग्रीन कार्डाचं किंवा सासूबाईंच्या व्हिसाचं काम काढू नका. त्यासाठी त्याच कार्यालयात वेगळी व्यवस्था असते, वेगळी वेळ घ्या. दोन्ही एकत्र केलंत की नोंद व्हिसाचीच होते.

निघताना एका पानाचं टिपण ठेवा आणि विचारा: "उत्तर कधीपर्यंत येईल, आणि कोणाकडून?" नाव लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी आभाराची ईमेल पाठवा, त्यात मागणी पुन्हा एका ओळीत.

१०. सॅक्रामेंटोची समिती

राज्याचं विधेयक असेल तर विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून समितीला समर्थनाचं किंवा विरोधाचं पत्र पाठवता येतं, साध्या माणसालाही. समितीच्या सुनावणीच्या काही दिवस आधी पोचलं पाहिजे. प्रत्यक्ष गेलात तर मुख्य साक्षीदारांनंतर सगळ्यांना रांगेत माइकपाशी येता येतं: नाव, गाव, सपोर्ट की ऑपोज. भाषण करायला लागलात तर अध्यक्ष थांबवतात. आम्ही एकदाच गेलो, शाळेला सुटी होती म्हणून मुलंही नेली.

२०२६ सारख्या सम वर्षात विधिमंडळाचं काम ३१ ऑगस्टला संपतं आणि राज्यपालांना सही करायला ३० सप्टेंबरपर्यंत मुदत असते. सप्टेंबरमध्ये असेंब्ली सदस्याला फोन करून उपयोग नाही, तेव्हा राज्यपालांच्या कार्यालयाला करा.

११. उत्तर आल्यावर

पहिलं उत्तर साचेबद्ध येईल. "आपण वेळ काढून लिहिलंत याबद्दल आभार, सदस्य सर्व पर्यायांचा विचार करत आहेत." पुष्कळ जण इथे सोडून देतात. सोडू नका. पत्रात तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर त्याचाच हवाला देऊन पुन्हा लिहा: "आपलं अमुक तारखेचं पत्र मिळालं. सहप्रस्तावक होणार की नाही, ते त्यात नाही." मला सरळ उत्तर चौथ्या पत्राला मिळालं. ते "नाही" होतं, पण निदान कारण कळलं, आणि पुढच्या भेटीत आम्ही त्या कारणावरच बोललो.

मतदान झालं की कोणी काय मत दिलं ते संकेतस्थळावर नावानिशी येतं. तुमच्या सदस्याने विरुद्ध मत दिलं असेल तर त्याच आठवड्यात फोन करून का म्हणून विचारा. तुमच्या बाजूने दिलं असेल तरीही करा. तेलाच्या बाजूने दबाव आणणारी माणसं पगारी असतात आणि ती रोज येतात. आभाराचा फोन करणारे फार थोडे. "मी अमुक झिप कोडमधून बोलते आहे, कालच्या मतदानाबद्दल सदस्यांना धन्यवाद सांगा, आणि पुढच्या वेळीही असंच मत द्या" एवढं बोला, वहीत तारीख टाका, आणि पुढच्या सुनावणीची तारीख त्याच फोनवर विचारून घ्या.